संध्याकाळी मिटणारी पापणी



सकाळी डोळे नीट उघडतात. दुपार टळली की एक पापणी खाली येते, एकाचे दोन दिसू लागतात. रात्री भाकरी चावताना जबडा दमतो, आवाज नाकातून येतो. झोप झाली की पुन्हा बरं वाटतं. अशा बाईला आपण म्हणतो, "कामानं दमलीस गं."

पण हा मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा आजार असू शकतो. यात नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. अशा दर शंभर रुग्णांमागे साधारण दहा ते पंधरा जणांच्या छातीत थायमस ग्रंथीची गाठ सापडते. म्हणून या आजारात छातीचा सीटी स्कॅन करतात.

गळ्यातली थायरॉईड वेगळी आणि थायमस वेगळी. थायमस असते छातीच्या मधल्या हाडामागे. लहानपणी ती मोठी असते, वयात आल्यावर आकसत जाते. तिची गाठ क्वचितच होते आणि बहुधा सावकाश वाढते. पण ती कर्करोगात मोडते, आसपास पसरू शकते. म्हणून ती काढावी लागते.

"छाती फाडणार" म्हटलं की घरचे घाबरतात. पूर्वी मधलं हाड कापूनच ही शस्त्रक्रिया होई. आता गाठ लहान आणि एका जागी असेल तर दुर्बिणीनं काढता येते. पूर्ण भूल देतात. बरगड्यांच्या मधून दोन-तीन लहान छेद घेतात. एकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून अवजारं. गाठीसकट ग्रंथी सोडवून पिशवीत घालून बाहेर काढतात, म्हणजे गाठीचे कण आत सांडत नाहीत. हाड कापलं नसल्यानं दुखणं कमी राहतं आणि बाई लवकर घरी येते.

मग लहान छेदाचाच हट्ट धरायचा का? नाही. गाठ मोठी असेल, रक्तवाहिन्यांना चिकटली असेल, तर हाड उघडणंच सुरक्षित. छेद किती लहान यापेक्षा गाठ पूर्ण निघाली का, हे महत्त्वाचं.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कोणत्याही डॉक्टरांना हा आजार आधी सांगा. काही अँटिबायोटिक आणि भुलीची औषधं यात त्रास वाढवतात. दोन, शस्त्रक्रियेनंतर लगेच गोळ्या बंद करू नका. फरक पडायला महिने, कधी वर्षंही लागतात. गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून तपासणीही बरीच वर्षं चालू ठेवा. तीन, गिळता येईना किंवा श्वास पुरेना झाला, तर सकाळची वाट पाहू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

खर्चाची काळजी वाटली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा, काय बसतं ते तो सांगेल.

पुढच्या बैठकीत सगळ्या जमाल, तेव्हा एकमेकींच्या डोळ्यांकडे जरा बघा. कुणाची पापणी रोज संध्याकाळी उतरत असेल, तर तिला एकटीला पाठवू नका. बरोबर जा.