चालता येतंय ना, मग गाडी कशाला?

‘स्कूटर’ म्हटलं की हॉस्टेलवाल्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं? पार्किंगमधली, सेल्फ न लागणारी, कायम रिझर्व्हवर असलेली आणि रूमवरच्या चौघांनी मिळून वापरायची कोणाची तरी ॲक्टिवा! पण मी आज ज्या स्कूटरबद्दल लिहिणार आहे ती वेगळी आहे. चालणं अवघड झालेल्या माणसाचे पाय म्हणून काम करणारी स्कूटर. (माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा, ही आधीच विनंती.)

आपण माणसांचे दोन सरळ गट पाडतो: चालू शकणारे आणि न चालू शकणारे. पहिल्यांना पाय, दुसऱ्यांना व्हीलचेअर, विषय संपला. पण चालणं हा काही ऑन-ऑफ स्विच नाही. ते बॅटरीसारखं आहे. कोणाला दिवसभराचं चार्जिंग मिळतं, कोणाला दोनशे पावलांचं. ती दोनशे पावलं गेटपासून टेबलापर्यंत जाण्यातच संपली, तर पुढचा दिवस काय करायचा?

आत्याचं गणित

माझ्या आत्याला लहानपणी पोलिओ झाला. एका पायात कॅलिपर घालून आणि हातात काठी घेऊन तिने शिक्षण, नोकरी, संसार सगळं केलं. पन्नाशीनंतर मात्र तिचा चांगला पायसुद्धा दुखायला लागला, जिना चढताना दम लागायला लागला. सगळे म्हणाले, वय झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हा पोस्ट-पोलिओ सिंड्रोम आहे.

हे नेमकं काय असतं ते मेकॅनिकलच्या भाषेत सांगते. पोलिओचा व्हायरस मज्जारज्जूमधल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. ज्या वाचतात त्या नवे फाटे फोडून अनाथ झालेल्या स्नायूंचं कामसुद्धा अंगावर घेतात. म्हणजे चार पंपांपैकी दोन जळाले आणि उरलेले दोन ओव्हरलोडवर चालू आहेत. असे तीस-चाळीस वर्षं चालले की तेही थकतात. अशा वेळी “अजून चाल, व्यायाम कर, सवय होईल” हा सल्ला उलटा पडू शकतो. झेपेल तेवढाच व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून करायचा आणि बाकीची ताकद राखून वापरायची, हा त्यावरचा उपाय.

भारतात पोलिओची शेवटची केस जानेवारी २०११ मधली, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी ज्यांना पोलिओ झाला ती माणसं आज आपल्या आई-वडिलांच्या वयाची आहेत. शिवाय गुडघ्यांची झीज, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस यांतही ‘थोडं चालता येतं, लांब नाही’ अशीच अवस्था असते.

बाबांनी स्कूटरचा विषय काढला तेव्हा आत्या म्हणाली, “अरे, चालता येतंय ना मला, मग गाडी कशाला? लोक म्हणतील, हिने हात टेकले.” त्यावर बाबा म्हणाले, “ताई, तू गेल्या वर्षभरात मंडईत किती वेळा गेलीस?” आत्या काही बोलली नाही. उत्तर होतं, एकदाही नाही.

साइड व्हीलची स्कूटर

आपल्याकडचा सगळ्यात ओळखीचा उपाय म्हणजे साध्या गिअरलेस स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावणं. गिअरलेसच का? कारण जुन्या गिअरच्या स्कूटरला किक मारायला पाय लागायचा आणि मागचा ब्रेकही पायात असायचा. सेल्फ स्टार्ट आणि हातातले ब्रेक आले तेव्हा पायांचं काम जवळजवळ संपलं.

कायद्याची गोष्टसुद्धा बघण्यासारखी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला ‘इनव्हॅलिड कॅरिज’ म्हणत, आणि व्याख्येत ती मुळातच अपंग व्यक्तीसाठी बनवलेली हवी, नुसता बदल केलेली नको, असं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने ‘ॲडाप्टेड व्हेइकल’ ही व्याख्या आणली आणि नंतर बदल करून घेतलेली गाडीही तिच्यात बसवली. मात्र हा बदल आरटीओच्या मंजुरीने करायचा आणि लायसन्सही त्याच प्रकारचं काढायचं. गल्लीतल्या गॅरेजमध्ये चाकं जोडली आणि निघालो, असं चालत नाही.

पण या स्कूटरची हद्द गेटपाशी संपते. पेट्रोलची गाडी घेऊन कोणी ऑफिसच्या व्हरांड्यात, हॉस्पिटलच्या ओपीडीत किंवा लायब्ररीत जाऊ शकत नाही. आणि थकवणारं अंतर नेमकं तेच असतं.

मोबिलिटी स्कूटर

हे आतलं अंतर कापायला मोबिलिटी स्कूटर असते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲलन थीम नावाच्या प्लंबिंग आणि हीटिंगची कामं करणाऱ्या माणसाने घरातल्या व्यक्तीला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला म्हणून एक बॅटरीवर चालणारी छोटी गाडी बनवली. नाव ठेवलं ‘अमिगो’, स्पॅनिशमध्ये मित्र. बघा, सुरुवात एका वर्कशॉपमधूनच झाली!

आतली रचना आपल्याला ओळखीची आहे. छोट्या मॉडेलमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट. १२ अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या धरल्या तर २८८ वॅट-अवर ऊर्जा. एक डीसी मोटर, तिच्यामागे डिफरन्शिअल आणि हँडलजवळ वेगाची लिव्हर. लिव्हर सोडली की मोटरचा करंट बंद होतो आणि स्प्रिंगने इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे करंट ब्रेक लावायला नाही, तर सोडवायला लागतो. चढावर बॅटरी गेली तरी गाडी मागे घरंगळत नाही. ढकलायची झाली तर फ्रीव्हीलची लिव्हर ओढावी लागते, पण ती उतारावर कधीही ओढू नका. तेव्हा गाडीला ब्रेकच उरत नाही!

तीन चाकं की चार? तीन चाकांची कमी जागेत वळते. पण तिचा आधार त्रिकोणी असल्याने जोरात वळलं की कलंडायची भीती जास्त. घरात, लिफ्टमध्ये तीन, खडबडीत रस्त्यावर चार, असा ढोबळ नियम. आणि ही सगळ्यांसाठी नाही. तोल सांभाळून बसता येणं, हाताने हँडल वळवता येणं आणि नजर ठीक असणं गरजेचं आहे. ते जमत नसेल तर जॉयस्टिकची व्हीलचेअर बरी.

ब्रिटनमध्ये या गाड्यांचे दोन वर्ग आहेत. एक फक्त फुटपाथवरची, ताशी ४ मैलांपर्यंत, दुसरी रस्त्यावर ८ मैलांपर्यंत, आणि लायसन्स दोन्हींना लागत नाही. आपल्याकडे फुटपाथ असला तर त्यावर टपरी असते. म्हणून आयआयटी मद्रासमधल्या संशोधनातून आलेला २०२१ चा ‘निओबोल्ट’ मला फार आवडला. व्हीलचेअरच्या पुढे मोटर असलेलं एक चाक जोडायचं, रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरपर्यंत जायचं आणि इमारतीत शिरताना ते काढून ठेवायचं. बाहेरचं आणि आतलं अंतर एकाच खुर्चीत.

अडतं कुठे? रॅम्पवर

आत्याने शेवटी दोन्ही केलं. ऑफिसपर्यंत साइड व्हीलची स्कूटर आणि आत वापरायला एक छोटी बॅटरीवाली. तिच्या ऑफिसला दारात दोन पायऱ्या, एकूण उंची ३० सेंटिमीटर. ऑफिसने रॅम्प बांधून दिला, पण जेमतेम एक मीटर लांबीचा.

आता आकडे मांडू. माणूस ६० किलो, गाडी ५०, एकूण ११०. सपाट फरशीवर रोलिंग रेझिस्टन्स सुमारे २२ न्यूटन. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२ हवा. त्यावर चढायला सुमारे ११२ न्यूटन, म्हणजे पाचपट जोर. आणि १ मीटरमध्ये ३० सेंटिमीटर चढायला? सुमारे ३३० न्यूटन, पंधरापट! कोन जवळजवळ १७ अंश. मोटर कण्हते, आणि गुरुत्वमध्य मागच्या चाकांकडे सरकल्याने गाडी मागे उलटायची भीती वेगळीच. ३० सेंटिमीटरला हवा होता ३.६ मीटरचा रॅम्प. अडीच मीटर सिमेंट वाचलं आणि पूर्ण रॅम्प फुकट गेला. आत्या रोज दारात उतरते, दोन पायऱ्या काठीने चढते आणि शिपाईकाका गाडी वर चढवून देतात. काका रजेवर असले की तिची दोनशे पावलं सकाळीच संपतात.

म्हणून सांगते, मशीन हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं उत्तर दार, उंबरठा, रॅम्प आणि चार्जिंगचा प्लग यांत आहे, आणि ते गाडी घेणाऱ्याच्या हातात नसतं. ते तुमच्या-माझ्या हातात आहे, कारण चार वर्षांनी ड्रॉइंगवर सही करणारे आपणच असणार.

सुरुवात कॅम्पसपासून करूया का? मेस, लायब्ररी, ॲडमिन बिल्डिंग, गर्ल्स आणि बॉईज हॉस्टेल. सिव्हिलवाल्यांनी एक टेप मेजर आणावी, मी वही घेऊन येते. प्रत्येक दाराची उंची मोजायची, रॅम्पची लांबी मोजायची आणि भागाकार करायचा. उत्तर बारापेक्षा कमी आलं, तर तो आकडा प्रिन्सिपल सरांच्या टेबलावर ठेवायचा. आणि कोणी विचारलंच, “आपल्याकडे गाडीवरून येतंय कोण?”, तर त्यांना विचारायचं, “असं दार असल्यावर येणार कोण?”