खुनी सापडल्यानंतर

रहस्यकथा हाती आली की शेवटचे पान आधी उघडून पाहायचे, ही माझी जुनी खोड. खुनी कोण ते एकदा कळले की पुढचे निवांत वाचता येते! लिओनार्दो पादुरा या क्युबन कादंबरीकाराने मात्र माझी पंचाईत केली. त्याच्या कादंबरीत गुन्हेगार सापडतो, तरी मनाचे समाधान होत नाही.

पादुराचा जन्म १९५५ चा, हवाना शहराच्या कडेला असलेल्या मांतीया वस्तीतला. आधी तो पत्रकार होता. १९७० च्या दशकात क्युबात पोलिसी कादंबऱ्यांना सरकारचे उत्तेजन असे. त्यांतला पोलीस म्हणजे सद्गुणांचा पुतळा आणि गुन्हेगार म्हणजे क्रांतीचा शत्रू! १९९१ मध्ये पादुराने मारियो कोंदे हा वेगळाच पोलीस अधिकारी वाचकांपुढे आणला. दारूत बुडणारा, लेखक होण्याचे स्वप्न उराशी बाळगणारा, मित्रांवर जीव टाकणारा. ‘पासादो पेर्फेक्तो’ या पहिल्या कादंबरीत एक बडा अधिकारी बेपत्ता होतो. तो निघतो कोंदेचा शाळासोबती, एके काळचा आदर्श विद्यार्थी! तपास पुढे सरकतो, तसा त्या आदर्शाचा मुलामा उडत जातो.

मला सर्वांत जवळचे वाटते ते कोंदेचा मित्र कार्लोस याचे घर. अंगोलाच्या युद्धात जखमी होऊन तो कायमचा चाकांच्या खुर्चीत बसला आहे. त्याची आई होसेफिना, रेशनवर जगणाऱ्या त्या देशात, कुठून कोण जाणे, दोघांपुढे मेजवानी मांडते. मग रमचे घोट घेत दोघे जुन्या आठवणी काढतात. कार्लोसच्या पायांचा गुन्हेगार कोण? त्याची फिर्याद कोणत्या चौकीत नोंदवायची? पादुराच्या कादंबऱ्यांतले खरे रहस्य हे आहे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबात अन्नाचे, विजेचे हाल सुरू झाले. अनेकांनी देश सोडला. पादुरा लिहीत राहिला. १९९८ पर्यंत कोंदेच्या चार कादंबऱ्या झाल्या. चौथीत कोंदे पोलिसातली नोकरी सोडतो आणि पुढे जुनी पुस्तके विकून पोट भरतो. २०१५ मध्ये पादुराला स्पेनचा मानाचा ‘प्रिन्सेस ऑफ अस्तुरियास’ पुरस्कार मिळाला. जगभर नाव झाले, तरी वडिलांनी बांधलेले मांतीयातले घर त्याने सोडले नाही.

त्याच्या कादंबरीचे शेवटचे पान मी आता आधी उघडत नाही. तिथे फार तर खुन्याचे नाव मिळेल. कार्लोसच्या आईला द्यायचे उत्तर तिथे नाही.