गोचीड-ज्वर आणि देशपरीक्षा

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांनी वेढलेला आपला शिरोळ तालुका. काळी जमीन, बारमाही ऊस, आणि पाण्याच्या अतिरेकाने क्षारपड होऊन गवत-काट्यांनी भरलेली पडीक शेते. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात बिघडलेल्या भूमीची जी लक्षणे सांगितली, त्यांत माजलेले गवत, वेलींचे जाळे, नष्ट झालेले पीक आणि उंदीर-डासांची वाढ यांचा समावेश आहे. रुग्ण कोठे जन्मला, कोठे वाढला आणि कोठे आजारी पडला, हे विचारावयासही ते सांगतात. नाडी पाहून झाली की आम्ही नेमके हेच विसरतो.

ऊसतोड कुटुंबातील एका मुलीचा ताप टायफॉइडचा समजून आम्ही पाच दिवस उपचार केले. सहाव्या दिवशी तळहातांवर पुरळ दिसले, तेव्हा तिला मोठ्या रुग्णालयात पाठविले. तिच्या केसांतून गोचीड काढल्याचे आईने तेथे विचारल्यावर सांगितले. मुलगी वाचली, परंतु आम्ही ते विचारलेच नव्हते.

हा ज्वर ‘इंडियन टिक टायफस’ या नावाने ओळखला जातो. रिकेट्सिया कोनोरी हा जीवाणू मुख्यतः कुत्र्यावरील तपकिरी गोचिडांतून माणसात येतो. दक्षिण आफ्रिकेत त्याच कुळातील रिकेट्सिया आफ्रिके हा जीवाणू गुरे व वन्य पशूंवरील गोचिडांतून पसरतो. म्हणून तेथे धोका चराऊ रानांत आणि अभयारण्यांत. आपल्याकडे तो अंगणात आहे, कारण हे गोचीड कुत्र्याच्या निजण्याच्या जागी आणि भिंतींच्या फटींत लपून राहतात. गळीत हंगामात खोपटांपाशी कुत्री, बैल आणि मुले शेजारी शेजारी निजतात.

पडीक रानाचा धोका निराळा. तेथे उंदरांच्या आश्रयाने वाढणारे चिगर हे गोचिडांचे सूक्ष्म आप्त स्क्रब टायफस देतात. २०१८ मध्ये नागपूर परिसराने त्याचा तडाखा अनुभवला. दोडामार्गच्या काजूबागांत २०१६ साली आढळलेला माकडतापही गोचिडांचाच, पण तो विषाणुजन्य असल्याने प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत. भूमी बदलली की व्याधी बदलते, ती अशी.

तीव्र ज्वर, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास हातापायांवर, तळहात-तळपायांवरही उठणारे पुरळ असल्यास संशय घ्यावा. स्क्रब टायफसमध्ये काखेत वा जांघेत काळी खपली लपलेली असू शकते. ती कपडे दूर करून शोधावी. वेल-फेलिक्स चाचणी आरंभी निर्णायक नसते, म्हणून अहवालाची वाट न पाहता रुग्णास डॉक्सिसायक्लिन मिळेल अशा ठिकाणी त्याच दिवशी पाठवावे. महासुदर्शन, गुडूची यांवर आमची श्रद्धा आहेच; पण या ज्वरात त्यांच्या भरवशावर दिवस घालविणे म्हणजे फुप्फुस, वृक्क आणि मेंदू धोक्यात घालणे होय.

औषधालयचालकांकडे तर रुग्ण आमच्याही आधी येतो. ‘तापाचे चूर्ण द्या’ म्हणणाऱ्यास घरी कुत्रे आहे का, रानात कोठे काम करता, अंगावर गोचीड सापडला का, एवढे तीन प्रश्न विचारण्यास अर्धा मिनिट पुरतो. चिकटलेल्या गोचिडावर रॉकेल, चुना किंवा पेटती काडी लावू नये, तो बोटांनी चिरडूही नये. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावा, जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. दोन आठवड्यांत ताप आलाच, तर ती तारीख वैद्यास प्रथम सांगावी.