३१ मार्चनंतरची रोपं

समजा, मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातल्या एका पाड्याजवळ एखाद्या छोट्या पर्यावरण संस्थेने पाचशे रोपं लावली. देणगीदारांना जुलैतले हिरवेगार फोटो मिळाले. रोपांची परीक्षा मात्र पुढच्या उन्हाळ्यात होते आणि पुष्कळदा नेमकं त्याच सुमारास संस्थेचा कार्यकर्ता काम सोडून जातो. असं का घडतं, हे कळायला दोन वर्षं शेजारी ठेवून पाहावी लागतात. एक जंगलाचं, दुसरं पैशाचं.

जंगलाचं वर्ष पावसाने सुरू होतं. जून-जुलैत लागवड करायची, पण तेव्हाच भाताची आवणी चालू असते, त्यामुळे माणसं मिळवताना दमछाक होते. दिवाळीच्या आसपास, ओढ्याला पाणी आहे तोवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालायचे. त्यानंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात. साग पानं टाकू लागला की जाळरेषा काढायची, म्हणजे पालापाचोळा झाडून मोकळा पट्टा ठेवायचा, कारण राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजताना उडालेली ठिणगीही वणवा पेटवू शकते. एप्रिल-मेमध्ये पाण्याचा प्रश्न येतो. तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं शहापूर तालुक्यातली, तरी इथले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तिथे रोपांसाठी घागरभर पाणी मागायचं तर मागणारा माणूस ओळखीचा लागतो.

पैशाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक दायित्वाचा निधी एका वर्षापुरता असला की कराराची मुदतही बहुधा तिथेच संपते. नव्या वर्षाची मंजुरी, करार, पहिला हप्ता यात जून-जुलै उजाडतो. मधल्या तीन महिन्यांचा पगार कुठून द्यायचा? घर चालवणारा कार्यकर्ता दुसरीकडे नोकरी धरतो आणि रोपं कडक उन्हात वाली नसल्यासारखी उभी राहतात.

ही फट कायद्याने पाडलेली नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षं ते चालवता येतं. त्यासाठीची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची असते. म्हणून प्रस्ताव देतानाच संस्थेने बहुवर्षीय मंजुरी मागावी.

एक गैरसमज पगाराबाबतही आहे. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा दाखवून कार्यकर्त्याचा पगार छाटला जातो. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष प्रकल्प राबवण्याचा आणि त्यावर देखरेख करण्याचा खर्च तिच्यात मोजत नाहीत. रोपं जगवणाऱ्याचा पगार हा खड्डे खणण्याइतकाच प्रकल्पाचा खर्च आहे.

तरीही माणसं जाणारच. त्यांच्या जागी येणाऱ्याला काय द्यायचं, हे ठरलेलं हवं. कोणत्या जातीची किती रोपं कुठे लावली, किती जगली, बियाणं कोणत्या झाडाखालचं, कोणत्या बाजूने दरवर्षी वणवा येतो, वनरक्षक कोण, पाड्यावर कोणाचा शब्द चालतो, हे सगळं वहीत यावं. गावाला तोंडी दिलेली आश्वासनं सर्वात आधी लिहावीत, कारण ती कुठल्याच अहवालात नसतात. शक्य असेल तर नवा माणूस जानेवारीतच घ्यावा आणि जुन्याबरोबर त्याने जाळरेषा पायांनी फिरून पाहावी.

कर्मचारी बदलला तर धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागत नाही. विश्वस्त बदलला, तर मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. तो रेंगाळला की बँकेतल्या सह्या बदलताना अडचण येऊ शकते. मग खात्यात पैसे असूनही पगार थांबतो.

उरलेली फट भरायला वैयक्तिक देणगी सर्वात उपयोगी. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा ठरावीक रक्कम दिली, तर तिच्यावर एप्रिल-मे निघतात. करसवलत हवी असल्यास दोन गोष्टी पाहाव्यात: २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही आणि देणगीवरची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही.

आणि संस्थेहून जुनी असते ग्रामसभा. वनहक्क कायदा २००६ ने सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क तिच्याकडे दिला आहे. रोपांच्या वहीची एक प्रत तिथे ठेवली, तर कार्यकर्ता गेला तरी हिशेब गावात राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी झाडांसाठी धनादेश लिहिताना संस्थेला एवढंच विचारावं: मे महिन्यात पाणी घालणाऱ्याचा पगार कशातून होणार आहे?