हवेच आणि असले तर बरे

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज म्हणून गेले, ते घर बांधण्याच्या काळी. आज बडोद्यासारख्या शहरात बहुतेकांना घर बांधावयाचे नसते; तयार घरांतून एक निवडावयाचे असते. बांधण्यापेक्षा निवडणे सोपे, असा एक समज आहे. गेल्या दोन वर्षांच्या अनुभवानंतर आम्हांस तो मुळीच खरा वाटत नाही. बांधणाऱ्याच्या चुका एकेक करून होतात आणि मध्येच सुधारता येतात. निवडणाऱ्याची चूक एका सहीत होते आणि पुढची वीस वर्षे तिचे हप्ते फेडावे लागतात.

दांडिया बाजारातील ज्या वाड्यात आमच्या तीन पिढ्या नांदल्या, तो दुरुस्तीपलीकडे गेला, तेव्हा आई, आम्ही उभयता आणि दोन मुले असे पाचजण एका रविवारी कागद घेऊन बसलो. कागदाच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे ‘हवेच’ आणि उजवीकडे ‘असले तर बरे’. तासाभराने पाहतो तो डावीकडे तेवीस गोष्टी आणि उजवीकडे दोन! मुलाला स्वतंत्र खोली हवीच होती, मुलीला गच्ची हवीच होती, आणि झोपाळा तर सर्वांनाच हवा होता. बडोद्यातले घर आणि त्यात झोपाळा नाही, ही कल्पनाच कोणाला सहन होईना.

मग प्रत्येक ओळीला आम्ही दोन प्रश्न विचारले. पहिला असा, की बाकी सारे मनासारखे असून एवढी एकच गोष्ट नसेल, तर आपण ते घर खरोखर नाकारू का? दुसरा असा, की घर घेतल्यावर पुढे कधी पैसे खर्चून ही गोष्ट करून घेता येईल का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचे ‘होय’ आले, की ती ओळ उजवीकडे जाई. असे करता करता डावीकडे पाचच ओळी उरल्या: पुराच्या पाण्यापासून सुरक्षित जागा, निर्दोष कागदपत्रे, पेलेल अशी किंमत, पुरेसा उजेड-वारा, आणि आईला जिना चढावा लागू नये ही सोय.

जागेची गोष्ट बडोदेकरांना वेगळी सांगावयास नको. पावागडच्या डोंगरातून निघालेली विश्वामित्री शहराच्या मधून वाहते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये तर २६ फूट ही धोक्याची पातळी ओलांडून नदी ३५ फुटांच्याही वर गेली. असे असूनही आम्ही नदीच्या बाजूचे एक टेनामेंट पाहून भाळलो होतो. संगमरवरी फरशी, नवे स्वयंपाकघर, अंगणात झोपाळा, आणि किंमतही माफक. दलाल बान्याची रक्कम कधी देता म्हणून विचारू लागला. आई मात्र भिंतीकडे पाहत उभी होती. छातीइतक्या उंचीपर्यंतचा रंग नवा होता, त्यावरचा जुना. तिने शेजारच्या बाईंना सहज विचारले, “पाणी कुठवर आलं होतं हो?” बाईंनी हात खांद्याशी नेऊन दाखविला. फरशी बदलता येते, जमिनीची उंची बदलता येत नाही.

कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर सांगतो. नव्या बांधकामासाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सगळे ‘रेरा’ म्हणतात, तो ग्राहकाच्या मोठ्या उपयोगाचा आहे. नोंदणीकृत करार झाल्यावाचून बांधणाऱ्याला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. बांधकामात मूलभूत दोष निघाल्यास ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत तो विनामूल्य दुरुस्त करून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. घराचे माप सांगताना कार्पेट क्षेत्र सांगावे लागते. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत. घरातल्या आतल्या भिंती मात्र धरतात. तेव्हा ‘सुपर बिल्ट-अप’चा मोठा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. महानगरपालिकेची बी.यू. परवानगी, म्हणजे इमारत वापरण्याचा दाखला, स्वतः डोळ्यांनी पाहावा. जुने घर असेल तर मागच्या दस्तावेजांची साखळी वकिलाकडून तीस वर्षे मागे तपासून घ्यावी. शहराच्या काही भागांना १९९१ चा अशांत धारा लागू आहे. तेथे कलेक्टरची पूर्वपरवानगी मिळाल्याशिवाय विक्री कायदेशीर होत नाही. घर त्या भागात येते की नाही, हे बान्याआधीच विचारावे.

किमतीचा हिशेब करताना आपण बहुधा हप्त्याचाच विचार करतो. समजा, घर ५० लाखांचे आहे. या रकमेच्या घराला बँक फार तर ८० टक्के कर्ज देते, म्हणजे १० लाख आपले. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी शुल्क १ टक्का, म्हणजे आणखी २ लाख ९५ हजार, आणि कर्ज ठरविताना बँक हा खर्च किमतीत धरत नाही. खरेदी केवळ स्त्रियांच्या नावे असल्यास नोंदणी शुल्क माफ होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तरीही साडेबारा लाख तरी हाताशी हवेत, आणि सामान हलविण्याचा खर्च त्याहून वेगळा.

उजेड-वाऱ्यासाठी घर एकदाच पाहून भागत नाही. वैशाखात दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या खोलीत अर्धा तास बसावे, रात्री नऊला शेजारचा गोंगाट ऐकावा, आणि शक्य झाल्यास एखादा पाऊस पाहून मगच ठरवावे. इमारत उंच असून खाली नुसत्या खांबांवर वाहनतळ असेल, तर ते खांब एखाद्या जाणत्या अभियंत्याला दाखवावेत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत ज्या इमारती कोसळल्या, त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या पुष्कळ होत्या.

या पाचही कसोट्यांना उतरलेले घर आम्हांला भायलीच्या बाजूस मिळाले. जागा सुरक्षित, कागद स्वच्छ, लिफ्ट, भरपूर वारा. बाना देण्याच्या आदल्या दिवशी आईला तेथे नेले. तिने सगळ्या खोल्या पाहिल्या, खिडकीशी थोडा वेळ बसली आणि म्हणाली, “अरे, घर छानच आहे. पण संध्याकाळी इथून मी कुणाकडे जाऊ?”

घरी येऊन तो कागद पुन्हा काढला. ‘देऊळ व भजनी मंडळ चालत जाण्याजोगे’ ही आईची ओळ पहिल्याच दिवशी डावीकडे लिहिलेली होती. तिला न विचारताच आम्ही ती उजवीकडे ढकलली होती. दोन प्रश्न आम्ही विचारले होते खरे, पण उत्तरेही आम्हीच देऊन मोकळे झालो होतो. दिवसभर कामावर आणि कॉलेजात असणाऱ्यांना घर म्हणजे परतण्याची जागा. आईचा तर सारा दिवसच तेथे जायचा होता, आणि दूरवरचे मंडळ पैसे खर्चून शेजारी आणता येत नाही. आम्ही ती ओळ पुन्हा डावीकडे घेतली आणि भायलीला नकार कळविला. मुले दोन दिवस आमच्याशी नीट बोलली नाहीत.

त्यानंतर सात महिन्यांनी जुन्या शहरालगत, तीस वर्षांच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सदनिका मिळाली. लिफ्ट आहे, पण जुनी आणि कुरकुरणारी. स्वयंपाकघर अरुंद, गच्ची सामाईक, आणि दोन्ही मुलांना मिळून एकच खोली. मुलीने अद्याप आम्हांला पूर्ण क्षमा केली आहे असे वाटत नाही, आणि तिची तक्रार खोटीही नाही. ओटा आम्ही नवा घातला, रंग दिला, मुलांच्या खोलीत पुस्तकांचे कपाट करून मधोमध आडोसा केला. आई पाच वाजता काठी घेऊन बाहेर पडते ती दिवेलागणीला परत येते.

घर शोधू पाहणाऱ्या आमच्या वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते, की कागदावर मधली रेघ अवश्य ओढावी, पण कोणाचीही ओळ त्या माणसाला विचारल्यावाचून रेघेपलीकडे नेऊ नये. घरात जो सर्वांत कमी बोलतो, त्याला सर्वांत आधी विचारावे.

वाड्यातल्या झोपाळ्याच्या पितळी कड्या आम्ही बरोबर आणल्या आहेत. सध्या त्या माळ्यावर असतात. उजवीकडची ती ओळ अजून राहिली आहे. पण तिला सवड आहे.