मुदत संपलेलं डोमेन लिलावात घ्यायचंय? आधी त्या नावाचा सातबारा बघा



धंद्याचं नाव ठरलं, घरच्यांना आवडलं, पाटीचं डिझाइनही झालं. मग डोमेन घ्यायला बसलात आणि स्क्रीनवर आलं, "हे नाव उपलब्ध नाही." ती वेबसाइट उघडून बघितली तर आत काहीच नाही. कोणीतरी नाव घेऊन नुसतं ठेवलंय. अशा वेळी एखादा मित्र सांगतो, "मुदत संपलेली डोमेन लिलावात मिळतात, तिथे बघ की."

मिळतात, हे खरं आहे. पण या बाजारात नवा माणूस दोन ठिकाणी फसतो. एक, मालाची चौकशी न करता बोली लावतो. दोन, किती पैसे घालायचे हे आधी न ठरवता लिलावात उतरतो. आज आपण हा बाजार चालतो कसा ते बघू, आणि तुमच्यासारख्या छोट्या उद्योजकानं त्यात पाय ठेवावा का, कधी आणि किती पैशांपर्यंत, तेही ठरवू.

नाव सुटतं कसं?

आधी एक गोष्ट पक्की करा. डोमेन कोणी कायमचं विकत घेत नाही. ते एक ते दहा वर्षांसाठी नोंदवलेलं असतं, भाडेपट्ट्यासारखं. मुदत संपली आणि नूतनीकरण केलं नाही, की नाव हातातून जायला लागतं. पण लगेच नाही. डॉट कॉमच्या बाबतीत तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी सवलतीची. मुदत संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवस. नेमके किती ते तुमचा रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी ठरवते. या काळात जुना मालक साधारणपणे नेहमीच्या फीमध्ये नाव परत चालू करू शकतो.

दुसरी पायरी रिडेम्प्शनची, ३० दिवसांची. इथेही नाव परत मिळवता येतं, पण दंड भरून. आणि हा दंड नेहमीच्या फीच्या कितीतरी पट असतो.

तिसरी पायरी पेंडिंग डिलीट, ५ दिवसांची. आता जुना मालकसुद्धा काही करू शकत नाही. पाच दिवस संपले की नाव मोकळं होतं आणि जो पहिला पोचेल त्याला मिळतं.

म्हणजे मुदत संपल्यापासून नाव पूर्ण मोकळं व्हायला ८० दिवसांपर्यंत लागू शकतात. नाव आत्ता कुठल्या पायरीवर आहे ते आयकॅनच्या लुकअप पानावर फुकट बघता येतं. तिथे नाव टाका आणि "स्टेटस" या ओळीत काय लिहिलंय ते वाचा.

दोन दारं: लिलाव आणि बॅकऑर्डर

आता गंमत बघा. बरीच चांगली नावं त्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत. सवलतीचा काळ चालू असतानाच रजिस्ट्रार ती लिलावात काढतो. गोडॅडी ऑक्शन्स, नेमजेट ही अशा लिलावांची मोठी ठिकाणं. इथे नाव डिलीट न होता सरळ तुमच्या खात्यात येतं, त्यामुळे त्याची मूळ नोंदणीची तारीख तशीच राहते. पण एक धोका लक्षात ठेवा. ठरलेल्या मुदतीत जुन्या मालकानं नूतनीकरण केलं, तर तुम्ही लिलाव जिंकूनही नाव त्याचंच राहतं. पैसे परत मिळतात, नाव नाही. म्हणून ताबा मिळेपर्यंत पाटी रंगवायची नाही आणि पाकिटंही छापायची नाहीत.

दुसरं दार बॅकऑर्डरचं. "हे नाव मोकळं झालं की माझ्यासाठी पकडा," अशी आगाऊ मागणी तुम्ही नोंदवून ठेवता. ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स अशा कंपन्या हेच काम करतात. नाव मोकळं होतं त्या क्षणी त्यांची मशीन नोंदणीचे अर्ज धडाधड पाठवतात. तुम्ही घरी मोबाइल घेऊन टपून बसलात तरी चांगलं नाव त्यांच्या आधी मिळणं जवळपास अशक्य. या दोन्हींकडे नाव मिळालं तरच पैसे लागतात. पण एकाच नावावर दोघा-तिघांची बॅकऑर्डर असली, तर शेवटी तिथेही लिलावच होतो. आणि असं पकडलेलं नाव नव्यानं नोंदवलं जातं, त्यामुळे त्याचं वय शून्यापासून मोजतात.

नावाचा सातबारा बघा

जमीन घेताना आपण काय करतो? सातबारा काढतो, फेरफार बघतो, शेजारच्या शेतकऱ्याला विचारतो. डोमेनचंही तसंच करायचं, कारण या नावावर आधी कोणीतरी नांदलेलं असतं. चार गोष्टी तपासा.

१. वेबॅक मशीन. इंटरनेट आर्काइव्हच्या या साइटवर नाव टाकलं की जुन्या वर्षांत त्या पत्त्यावर काय होतं ते दिसतं. आधी किराणा दुकान असेल तर ठीक. मध्ये कधी जुगार, अश्लील मजकूर किंवा नकली औषधं दिसली, तर तिथेच थांबा.

२. गूगलवर नाव अवतरण चिन्हात टाकून शोधा. "फसवणूक", "पैसे अडकले" अशा तक्रारी त्या नावाला चिकटलेल्या असतील, तर उद्या तुमचा ग्राहकही त्याच वाचणार.

३. स्पॅमहॉससारख्या यादीत नाव आहे का बघा. जुन्या मालकानं त्या नावावरून लाखो फालतू ईमेल पाठवलेले असतील, तर तुमचं साधं कोटेशनसुद्धा ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडेल.

४. ट्रेडमार्क. भारत सरकारच्या ट्रेडमार्क शोधात नाव टाकून बघा, फुकट आहे. इथे भल्याभल्यांची गल्लत होते. डोमेनची मुदत संपली म्हणजे ट्रेडमार्कची मुदत संपली असं नाही. भारतात ट्रेडमार्क १० वर्षांसाठी असतो आणि पुन्हापुन्हा वाढवता येतो. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सांगितलं की डोमेन नावालाही व्यापारी नावासारखंच संरक्षण मिळू शकतं. डॉट कॉमच्या वादांसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशा वेगळ्या प्रक्रिया आहेत. दुसऱ्याच्या ब्रँडवर डोळा ठेवून नाव घेतलंय असं तिथे ठरलं, तर नाव त्याच्याकडे जातं आणि तुमची बोली पाण्यात.

"जुनं डोमेन म्हणजे गूगलवर पहिला नंबर"?

हे तुम्ही खूप ठिकाणी ऐकाल. जुन्या डोमेनला बाहेरून लिंक असतात, त्या आयत्या मिळतात, म्हणून दहापट भाव द्या, असं सांगितलं जातं. पण मार्च २०२४ मध्ये गूगलनं आपल्या स्पॅमच्या नियमांत या गोष्टीचं नाव घेऊनच नियम घातला. जुन्या डोमेनची पत वापरून फालतू मजकूर वर आणायचा, हा त्यांच्या लेखी स्पॅम आहे. समजा एखाद्या शाळेची साइट होती. ती मुदत संपलेली म्हणून घेतली आणि त्यावर कर्जाच्या जाहिराती टाकल्या. गूगल हे पकडणार.

तुम्ही प्रामाणिकपणे स्वतःचा धंदा त्या नावावर उभा करत असाल, तर अडचण नाही. जुनं डोमेन वापरायला बंदी नाही. फक्त भाव नावाचा द्या, जादूचा देऊ नका. नाव बोलायला सोपं आहे? फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला बरोबर लिहिता येतं? तुमच्या मालाशी जुळतं? बस, एवढ्याचेच पैसे. लिलावाच्या साइटवर नावाशेजारी "अंदाजे किंमत" दिसते, ती मशीननं काढलेली असते. तेवढ्या पैशात घेणारा कोणी उभा आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

बोलीचा आकडा घरी ठरवा

ज्यांनी बाजार समितीत हळदीचे किंवा बेदाण्याचे सौदे बघितलेत त्यांना हे सांगायला नको. जुना व्यापारी माल हातात घेऊन बघतो, मनात आकडा पक्का करतो आणि त्यापुढे भाव गेला की सरळ पुढच्या ढिगाकडे जातो. इथेही तेच करायचं.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही तासगावचे बेदाणे पॅक करून विकायला सुरुवात करताय आणि एक सुटसुटीत नाव लिलावात आलंय. बोली गेली १२० डॉलरवर. डॉलर ९० रुपये धरला तर झाले १०,८०० रुपये. परकीय चलनासाठी बँक साडेतीन टक्के घेते असं धरू, म्हणजे ३७८. बहुतेक लिलावांत एका वर्षाचं नूतनीकरण वेगळं भरावं लागतं, ते धरा १,२००. एकूण १२,३७८ रुपये, आणि कर लागला तर तो वर. आता दुसरी बाजू बघा. त्याच धंद्यासाठी गावाचं नाव जोडून नवं डोमेन घेतलं तर हजार-बाराशेत काम होतं. म्हणजे प्रश्न असा आहे की या नावासाठी वरचे ११ हजार द्यायचे का? तेवढ्यात पहिल्या लॉटची पाकिटं आणि लेबलं निघतील.

तुमची विक्री व्हॉट्सॲपवर आणि ओळखीतून होत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: नवं नाव घ्या आणि पैसे मालात घाला. पण तुम्हाला राज्याबाहेर माल पाठवायचाय, पाकिटावर वेबसाइट छापायचीय, पुढची दहा वर्षं तेच नाव वापरायचंय, तर हाच खर्च वर्षाला अकराशेच्या आसपास पडतो. मग तो रास्त ठरू शकतो.

लिलावात उतरताना तीन गोष्टी सांभाळा. तुमचा कमाल आकडा एकदाच टाका, सिस्टीम गरजेपुरतीच बोली वाढवते. शेवटच्या मिनिटाला बोली मारून बाजी जिंकायचा विचार सोडा, कारण शेवटी बोली आली की बहुतेक ठिकाणी वेळ वाढते. आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच चालू करून ठेवा, कारण जिंकल्यावर पैसे भरायला मोजकाच वेळ असतो. घाई नसेल तर गोडॅडीच्या क्लोजआउट यादीवर लक्ष ठेवा. ज्यांना कोणीच बोली लावली नाही अशी नावं तिथे दररोज उतरत्या भावात मिळतात.

नाव हातात आल्यावर

पहिल्याच दिवशी ऑटो-रिन्यू आणि दुहेरी पडताळणी चालू करा. जुन्या मालकाची बिलं, बँकेची पत्रं, पासवर्डचे निरोप त्या नावावर अजून येत असतील. म्हणून त्या डोमेनवरचे सगळेच ईमेल पकडणारी सोय चालू करू नका. फक्त तुमचे दोन-तीन पत्ते बनवा. दुसऱ्याची डाक उघडणं धंद्यात शोभत नाही, आणि अंगाशीही येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं

हा सगळा बाजार चालतो कशावर? कोणीतरी आपलं नाव नूतन करायला विसरलं, त्यावर. तो "कोणीतरी" उद्या तुम्ही असू शकता.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचं नूतनीकरण करायला विसरली आणि हॉटमेलच्या लोकांना लॉगिन होईना. शेवटी मायकेल चेनी या अमेरिकन प्रोग्रामरनं ३५ डॉलर स्वतःच्या कार्डावरून भरले. तो भला माणूस निघाला. तुमच्या वाट्याला तसाच कोणी येईल याची खात्री नाही.

आपल्याकडे काय होतं? वेबसाइट बनवणाऱ्या पोरानं डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलेलं असतं. दोन वर्षांनी तो नोकरीला लागून पुण्याला जातो. आयकॅनच्या नियमानं मुदतीच्या साधारण एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत सूचना पाठवावी लागते. सूचना जातेही, पण त्याच्या जुन्या ईमेलवर. मग एका सकाळी वेबसाइट बंद, ईमेल बंद, आणि जे नाव गाडीवर, बिलावर, पाकिटावर छापलंय ते लिलावात.

म्हणून आजचा गृहपाठ. आधीच डोमेन असेल तर आत्ता उठा आणि तीन गोष्टी बघा: खातं कोणाच्या नावावर आहे, सूचना कोणत्या ईमेलवर येतात आणि मुदतीची तारीख काय. खातं दुसऱ्याचं असेल तर याच आठवड्यात स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि अजून डोमेन नसेल तर कागदावर पाच नावं लिहा, प्रत्येकाचा सातबारा काढा आणि समोर तुमचा कमाल आकडा मांडा. त्यानंतरच लिलावाचं पान उघडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!