जाखडीचा वर्तमानकाळ

भाद्रपदात गणपती घरोघर विराजमान झाले, की रत्नागिरी जिल्ह्यातील वाडीवाडीत जाखडीचे फेर सुरू होतात. मध्यभागी शाहीर, मृदंगवाला व झांजवाले बसलेले आणि त्यांच्याभोवती पायांत घुंगरू बांधलेले तरुण तालावर गोल फिरत असलेले, हे दृश्य आपल्या सुशिक्षित वर्गाच्या दफ्तरी ‘लोप पावत चाललेली कला’ या सदराखाली केव्हाच दाखल झाले आहे. ही नोंद वस्तुस्थितीस धरून नाही, आणि तिने एका नांदत्या कलेवर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाखडीचे खरे वैभव शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात आहे. शक्तीवाल्यांनी आदिमायेचे श्रेष्ठत्व मांडावे आणि तुरेवाल्यांनी शिवाचे, हा रिवाज पेशवाईतील कलगी-तुऱ्याच्या शाहिरीशी नाते सांगणारा. गण होतो, गवळण होते, आणि मग एक शाहीर पुराणातील एखादे कूट घालून प्रतिपक्षास असा अडवितो की, त्याचे उत्तर पद्यातच, तालात आणि भर सभेत दिल्यावाचून त्याची सुटका नसते. जी कला दरसाल नवे पद मागते, तिला जुन्या पदांच्या संग्रहात जतन करून ठेवणे म्हणजे तिचा प्राणच वगळणे होय.

जुने जतन करण्याचा हा मोह आपल्यापुरता नाही. इथिओपियात 1974 साली सम्राट हेले सेलासी पदच्युत झाले, लष्करी अंमलातील संचारबंदीने आदिस अबाबाच्या रात्रींचे संगीत मुके केले, आणि पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस फाल्सेतो या फ्रेंच संग्राहकाने ‘एथिओपिक्स’ या मालिकेतून त्या पूर्वकाळच्या ध्वनिमुद्रिका जगापुढे आणल्या. कार्य मोठेच, परंतु त्या सुवर्णकाळावर लुब्ध झालेल्या परदेशी रसिकांपैकी कित्येकांना, मासिंको हे एकतारी वाद्य वाजवीत समोरच्या पाहुण्यावर तत्क्षणी द्व्यर्थी कवन रचणारा आजचा अझमारी गायक दिसेनासाच झाला.

आपल्या जाणत्यांची तक्रार अशी की, मृदंगाशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, चित्रपटांच्या चाली आल्या, आणि अस्सलपणा गेला. पण चाली उसन्या घेण्याचा दस्तूर महाराष्ट्रात नवा थोडाच आहे? किर्लोस्करांच्या 1882 सालच्या ‘सौभद्रा’ने कीर्तनातील साकी-दिंडी रंगभूमीसाठी वापरली, आणि 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी उत्तर हिंदुस्थानी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली आणल्या, त्यांस आज आपण परंपरा म्हणतो. चाल कोठून आली यापेक्षा, तिच्यात शब्दांचे वजन नीट बसले की नाही, सवालाचा शेवटचा चरण ऐन समेवर पडला की नाही, आणि जवाब देणाऱ्याने पुराणाधार दिला की नुसती शेरेबाजी केली, हे पाहणे अधिक न्यायाचे. या कसोटीवर आजची काही पदे नापास होतील. ध्वनिवर्धकाच्या गदारोळात शब्द बुडतात, हा दोष तर खराच. परंतु दोष काढावयाचा, तर अगोदर ऐकावयास हवे.

मुंबईचे चाकरमानी ते ऐकत आले आहेत. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने त्यांनी तिकिटे काढून रात्ररात्र पाहिले. आता तेच सामने मोबाईलवर गावोगाव पोहोचतात. शिवाय अलीकडे स्त्रियाही या फडात उतरू लागल्या आहेत, आणि आदिमायेचा जो पक्ष आजवर पुरुषांनी त्यांच्या वतीने लढविला, तो आता त्या स्वतः मांडू लागल्या आहेत.